डोंगर कुठाय?

लेकीकडून परत आले त्याला आता दोन महिने होतील. आल्या आल्या घरच्या ग्रुपवर फोटो टाकले होते, चांगले सव्वीस, आणि वर मोठ्या तोऱ्यात लिहिलं होतं, 'हाच तो माउंट पेले, ज्याच्यावर मी तीस वर्षं तास घेतले.' दिरांनी अंगठा टाकला, भाच्यांनी हृदयं पाठवली. धाकट्या जाऊबाईंनी मात्र सगळे फोटो एकेक करून उघडले असावेत, कारण अर्ध्या तासानं त्यांचा प्रश्न आला, "ताई, समुद्र छान आहे, पण डोंगर कुठाय?" मी चष्मा शोधून परत पहिल्यापासून बघायला बसले. काळी वाळू होती, पडक्या भिंती होत्या, टोपी घातलेली मी होते, मीठ न लागलेल्या काकडीसारखा चेहरा करून उभी असलेली लेक होती. प्रत्येक फोटोत मागे, जिथे डोंगर असायला हवा तिथे, पिंजून ठेवलेल्या कापसासारखा एक करडा ढग. सव्वीसच्या सव्वीस फोटोंत ढग. ज्वालामुखी बघायला मी अर्धी पृथ्वी ओलांडून गेले आणि ढगाचे फोटो काढून आले.

तेव्हा हसले. पण प्रश्न काही जाईना.

मी साताऱ्यात एका शाळेत भूगोल शिकवला. ज्वालामुखीचा धडा आला की लाल आणि केशरी खडू आठवणीनं घरून न्यायचे, कारण शाळेच्या डब्यात पांढऱ्याखेरीज काही नसायचं. आधी शंकू, मग मधोमध नळी, वर विवर, खाली शिलारसाचा कोठा. मग नावं: व्हेसुव्हियस, क्राकाटोआ, पेले. पेले म्हटलं की मागच्या बाकांवर फुटबॉलची खुसफूस सुरू व्हायची, म्हणून मी लगेच गोष्ट काढायचे. ८ मे १९०२. कॅरिबियन समुद्रातलं मार्तिनिक नावाचं फ्रेंच बेट, त्यावर सँ-पिएर हे छोटं देखणं शहर. सकाळी आठला डोंगर फुटला आणि दोन-तीन मिनिटांत सुमारे अठ्ठावीस हजार माणसं गेली. वाचला कोण? तर तुरुंगातला कैदी! इथे वर्ग हमखास जागा व्हायचा. "तेव्हा शिक्षा झाली की कुरकुर करत जाऊ नका," असं मी म्हणायचे आणि पोरं हसायची. दरवर्षी त्याच जागी, तेवढंच. एका वर्षी पाटणकडचा, बोर्डिंगात राहणारा एक मुलगा उभा राहिला आणि म्हणाला, "बाई, पण ते आधीच पळून का नाही गेले?" धडा संपवायचा होता. मी म्हटलं, "अडाणी होते रे. निवडणूक होती, पुढाऱ्यांनी थोपवून धरलं." तो बसला. माझ्याकडे बघत बसला, हे मला आत्ता आठवतंय की मी आत्ता रचतेय, सांगता येत नाही.

लेकीला मार्तिनिकच्या विद्यापीठात सहा महिन्यांचं काम मिळालं, आणि "आई, तुझा पेले इथेच आहे, ये," असा तिचा फोन आला. फोर-द-फ्रान्स ही आता बेटाची राजधानी. तिथून सँ-पिएर तीसेक किलोमीटर, पश्चिम किनाऱ्यानं. आम्ही दहा माणसांच्या शेअर टॅक्सीत बसलो. काझ-पिलोत, बेलफोंतेन, ल कार्बे अशी गावं येत गेली, एका हाताला समुद्र आणि दुसऱ्या हाताला हिरवी भिंत. बेलफोंतेनला डोंगरउतारावर कुणी तरी जहाजाच्या पुढच्या टोकासारखं घर बांधून ठेवलंय, ते बघून मला उगाच कोकणातला एखादा खलाशी आठवला. रस्ता वाकडा, ड्रायव्हर निवांत, रेडिओ मोठ्यानं. दक्षिणेकडचा किनारा पांढऱ्या वाळूचा, पोस्टकार्डावर असतो तसा. उत्तरेला जाऊ तशी वाळू करडी होते आणि सँ-पिएरला पोचेपर्यंत काळीभोर. चपलेत गेली की निखाऱ्यासारखी भाजते. उतरल्याबरोबर मी मान वर करून डोंगर शोधला. सात किलोमीटरवर, १,३९७ मीटर उंच असा तो असणार होता. ढग होता.

बाजारात मसाल्याच्या पुड्या घेऊन बसलेल्या एका बाईला लेकीनं विचारलं. तिच्या डोक्याला चौकड्यांचं कापड बांधलेलं होतं, आपल्याकडच्या लुंगीसारखं. त्याला तिथे 'मद्रास'च म्हणतात, कारण एकेकाळी ते मद्रासहूनच यायचं. तिनं मिरच्या निवडता निवडता हनुवटीनं ढगाकडे खूण केली. "ती तिथेच आहे," असं काहीसं म्हणाली. लेक मला म्हणाली, "आई, इथे डोंगर 'ती' आहे. ला पेले." मला गंमत वाटली. तीस वर्षं मी तिला 'तो' म्हणत आले होते. त्या बाईकडून मी पन्नास ग्रॅमची 'कोलोंबो' नावाची पूड घेतली. पुडी उघडून वास घेतला आणि क्षणभर आमच्या घरचाच मसाल्याचा डबा उघडल्यासारखं झालं: धणे, जिरं, हळद, मेथी, मोहरी. हे सगळं इथवर कसं आलं ते लेकीला ठाऊक होतं. ६ मे १८५३ला 'ऑरेली' नावाचं जहाज याच बंदरात लागलं, त्यात तीनशेच्या वर हिंदी मजूर होते, बहुतेक तमिळ, पाँडिचेरी-कारैकलकडचे. गुलामगिरी उठली होती, उसाच्या फडांना हात हवे होते. त्यानंतर तीसेक वर्षांत पंचवीस हजारांच्या आसपास माणसं आली. बरीच मेली, काही परतली, उरलेली उत्तरेकडच्या मळ्यांत मुरली. त्यांच्या देवळात अजून मारियम्मन आहे, भाषा मात्र कधीच पुसली. राहिली ती ही पूड. पुढे दोन दिवस माझ्या पर्समधून तिचाच वास येत होता.

त्या गुलामगिरीची गोष्टही याच गावातली, आणि ती माझ्या पाठ्यपुस्तकात कधी नव्हती. १८४८च्या मे महिन्यात शेजारच्या प्रेशर गावच्या एका मळ्यावर रोमाँ नावाच्या गुलामाला ढोल वाजवला म्हणून धरून नेलं. मॅनिऑकचा कंद किसताना ढोलाच्या तालावर किसायची तिथली रीत, आपल्याकडे जात्यावर ओव्या म्हणत तसं. मालकानं ती मोडायचं ठरवलं. लोक भडकले, २२ मेला सँ-पिएर पेटलं आणि दुसऱ्याच दिवशी गव्हर्नरनं गुलामगिरी संपल्याचं जाहीर केलं. पॅरिसमध्ये तसा हुकूम आधीच निघालेला होता, पण तो अजून समुद्रावर जहाजात होता. ढोल पुढे, कागद मागे. मला ही गोष्ट त्या कैद्याच्या गोष्टीपेक्षा कितीतरी आवडली. २२ मेला बेटावर अजून सुट्टी असते.

गाव आता जेमतेम चार हजारांचं. उद्रेकाआधी 'अँटिलीसचं', म्हणजे या कॅरिबियन बेटांचं, 'पॅरिस' म्हणवून घ्यायचं. १६३५ साली वसलेलं, साखर आणि रम यांवर गब्बर झालेलं, विजेचे दिवे, घोड्यांची ट्राम, आठशे माणसांचं नाटकगृह. त्या नाटकगृहाच्या पायऱ्या उरल्यात. दोन बाजूंनी वळत वर जाणारा रुंद जिना, पायऱ्या झिजलेल्या, मधे गवत, आणि वर पोचलं की काहीच नाही, आकाश. खाली समुद्र दिसतो. रॉक्सलान नदीवरचा दगडी पूल शाबूत आहे, त्यावरून अजून वाहनं जातात. एका उभ्या गल्लीचं नाव 'स्वर्गाला चढणारी', पायऱ्यांच्या मधून पाण्याची नाली. लेक म्हणाली, ती एकेकाळची बदनाम वस्ती. म्हटलं, नाव ठेवणाऱ्याला विनोद कळत होता. आणि हे सगळं जगत्या गावाच्या अधेमधे पसरलेलं: एका पडक्या भिंतीला टेकून नवं घर, तिच्या खुंटीला वाळत घातलेला टॉवेल, जुन्या गोदामाच्या चौथऱ्यावर कोंबड्या. एका घराचा फक्त उंबरठा उरला होता, आत फरशी आणि एक पपईचं झाड. मी सवयीनं उंबरठ्यावर पाय न देता ओलांडून आत गेले, आणि आत गेल्यावर कळेना, आता कुठे बसायचं.

स्मारक-संग्रहालय लहानसंच आहे. फ्रँक पेरे नावाच्या अमेरिकन ज्वालामुखीतज्ज्ञानं १९३३मध्ये ते सुरू केलं. १९२९ ते १९३२ डोंगर पुन्हा जागा झाला तेव्हा हा गृहस्थ तिथे मुक्कामाला होता. चर्चची मोठी घंटा आहे, एका बाजूनं दबलेली, पातेलं जमिनीवर आपटल्यावर होतं तशी. वितळून एकमेकांना मिठ्या मारलेल्या काचेच्या वस्तू आहेत. आणि भिंतीवर नावं, सात हजारांच्या आसपास. मी लेकीला म्हटलं, "एवढीच?" तर म्हणाली, "एवढीच सापडली." अठ्ठावीस हजारांतली सात हजार. मी वाचत उभी राहिले. मला त्या नावांचे उच्चारही येत नव्हते, तरी ओठ हलवत वाचले.

१९०२च्या त्या एप्रिलपासून गंधकाचा वास येत होता. चांदीची भांडी काळी पडत होती, रस्त्यावर राख, पक्षी मरून पडत होते. ५ मेला तापलेल्या चिखलाचा लोंढा आला आणि नदीमुखाजवळचा साखर कारखाना माणसांसकट गिळून गेला. मग लोक का थांबले? निवडणूक होती हे खरं, २७ एप्रिलला पहिली फेरी झाली होती आणि ११ मेला दुसरी व्हायची होती. स्थानिक वर्तमानपत्र धीर देत होतं हेही खरं. पण सैन्य उभं करून लोकांना अडवलं, ही जी गोष्ट मी रंगवून सांगायचे, तिला भक्कम पुरावा नाही असं आता अभ्यासक म्हणतात. गव्हर्नर स्वतः बायकोला घेऊन आदल्या दिवशी गावात आला होता, लोकांना धीर द्यायला. दोघंही गेले. थापा मारणारा माणूस बायकोला बरोबर आणत नाही. आणि लोक गावाबाहेर जात होते त्यापेक्षा जास्त आत येत होते, आजूबाजूच्या खेड्यांतून, कारण त्यांच्या घरांवर राख पडत होती आणि सँ-पिएर सुरक्षित वाटत होतं. सरकारी समितीनं नकाशा मांडून सांगितलं होतं की लाव्हा आला तर तो दऱ्यांतून समुद्राकडे जाईल, गाव बाजूला आहे. त्यांचं चुकलं नव्हतं. लाव्हा तसाच गेला असता. आला तो लाव्हा नव्हताच, धगधगत्या वायूचा आणि राखेचा ढग होता, दऱ्या-टेकड्या न जुमानता जमिनीलगत धावत आलेला. असं काही असतं हे शास्त्राला तोवर नीट माहीत नव्हतं. आल्फ्रेड लाक्र्वा नावाचा फ्रेंच शास्त्रज्ञ नंतर आला, अभ्यास केला, त्याला नाव दिलं. माझ्या वर्गातल्या फळ्यावर मी 'पेलियन उद्रेक' लिहायचे तो तिथून आलेला शब्द. म्हणजे ज्यांना मी अडाणी म्हणाले त्यांना जे माहीत नव्हतं, ते मला माहीत होतं ते त्यांच्यामुळे.

एक माणूस मात्र निघून गेला होता. नेपल्सकडचा एक कप्तान, असं सांगतात, अर्धाच माल भरून आदल्या दिवशी नांगर उचलून निघाला. बंदराचे अधिकारी अटकेची भीती घालत होते. त्याचं म्हणणं, आमच्या व्हेसुव्हियसचा चेहरा असा झाला असता तर मी नेपल्समध्येही थांबलो नसतो. त्यानं असा डोंगर आधी बघितला होता.

हे उद्रेकाचं प्रकरण वर्गात कधी मनासारखं समजावता आलं नाही, ते तिथे एका बाकावर बसून सुचलं. पिठलं. आपला सह्याद्री म्हणजेही लाव्हाच, सहा-साडेसहा कोटी वर्षांपूर्वीचा. पण तो पातळ पिठल्यासारखा, भेगांतून निघाला आणि पसरत गेला, थरावर थर. म्हणून आपले डोंगर सपाट माथ्याचे, पायऱ्यापायऱ्यांचे. पेलेचा शिलारस घट्ट. पिठलं घट्ट होत आलं की आतली वाफ सहज निघत नाही, मग ते फुटफुटतं आणि हातावर चटका देतं, तसा. इतका घट्ट की त्या स्फोटानंतर विवरातून दगडाचा एक सुळका उभाच्या उभा वर ढकलला गेला, तीनशे मीटरच्याही वर, आणि पुढे वर्षभरात ढासळला. निवृत्त झाल्यावर सुचलं, काय उपयोग. तिथल्या भिंतींना हात लावून बघितला. आमचा पाटा-वरवंट्याचा दगड काळा, हा करडा, खरखरीत, उन्हानं तापलेला.

कैद्याची कोठडी नाटकगृहाच्या शेजारीच आहे. जाड दगडी भिंती, घुमटासारखं छत, पुढे हातभर भोक. वाकून आत गेले. ओल, गारवा, मातीचा वास, आणि कान बंद झाल्यासारखी शांतता. सिपारिस त्याचं नाव. अंगाची कातडी भाजून गेलेली, अन्नाशिवाय तिथे पडून होता. तीन दिवसांनी कुणाला तरी हाक ऐकू आली. पुढे अमेरिकेतल्या एका बड्या सर्कशीनं त्याला गावोगाव फिरवलं, अशाच कोठडीच्या प्रतिकृतीत बसवून. लोक तिकीट काढून बघायला यायचे. आणि तो एकटाच वाचला हेही खरं नाही, गावाच्या कडेला राहणारा लेआंद्र नावाचा एक चांभारही वाचला होता. पण चांभाराच्या गोष्टीत गंमत नाही, म्हणून मी त्याला कधी वर्गात आणलंच नाही. आत उभी राहून मला माझा तो विनोद आठवला. लेक बाहेरून म्हणाली, "आई, फोटो काढू?" मी नको म्हटलं.

मी पाच वर्षांची होते. ११ डिसेंबर १९६७, पहाटेचे चार-सव्वाचार. वडिलांनी मला गोधडीसकट उचललेलं आठवतं, मांडणीवरची भांडी एकामागून एक पडत होती, आणि त्या आवाजाखाली दुसरा एक आवाज होता, बैलगाडी अगदी घराखालून जावी तसा. अंगणात सगळी आळी थंडीत कुडकुडत उभी. आई मधेच आत गेली, वडील ओरडले, तर ती दुधाचं पातेलं घेऊन आली. ते दूध तिनं सगळ्या पोरांना तसंच थंड पाजलं. सकाळी कळलं की कोयनेला हाहाकार आहे. पावणेदोनशेच्या आसपास माणसं गेली, कोयनानगर जमीनदोस्त. आणि दुपारी आमच्या त्याच घरात, भिंतीला ही एवढी भेग घेऊन, वरण-भात झाला. कुणी कुठे गेलं नाही. जायचं कुठे? त्या खोऱ्यात अजून धक्के बसतात, बारीक-बारीक. पाटणकडच्या पाहुण्यांकडे फोन केला की पाऊस, लग्नं, भाताचं पीक झाल्यावर शेवटी ऐकायला येतं, "परवा हाललं जरासं." तो मुलगा तिथला होता. बोर्डिंगातली ट्रंक, त्यावर खिळ्यानं कोरलेलं नाव. त्यानं मला विचारलं होतं की ते पळून का नाही गेले, आणि मी त्याला, त्याला, सांगितलं की अडाणी होते.

परतताना शेवटची टॅक्सी मिळाली. मी खिडकीशी, डोळे मिटलेले. गाव सोडून वळण घेतलं तसं लेकीनं दंडाला चिमटा काढला, "आई, आई, बघ!" मागे वळले तर ढग गेला होता. संध्याकाळचं ऊन पडलेलं, आणि ती उभी होती, हिरवी, रुंद, माथ्याशी चुरगळलेली, पायथ्याला उसाची फिकट पट्टी. मला वाटलं होतं त्यापेक्षा फारच जवळ. माझ्या फळ्यावरच्या शंकूसारखी अजिबात नाही; यवतेश्वराच्या घाटातून दिसणाऱ्या कुठल्याही डोंगरासारखी. २०२०च्या डिसेंबरात तिथे पिवळा इशारा लागला होता, आत हालचाल वाढली म्हणून. मोबाइल पर्समध्ये होता, पर्स पायाशी, वर कोलोंबोची पुडी. माझ्या शेजारची बाई मांडीवर ब्रेडची पिशवी घेऊन बसली होती. तिनं आम्ही कशाला वळलो म्हणून एकदा मागे पाहिलं, पाहिलं न पाहिलं केलं, आणि ड्रायव्हरला पुढच्या वळणावर उतरवायला सांगितलं. मग ल कार्बेचा बोगदा आला.

जाऊबाईंना उत्तर द्यायचं राहूनच गेलं होतं. परवा बसले, हे एवढं सगळं टाइप केलं, वाचलं, खोडलं. मग लिहिलं, "ढगात आहे." त्यांनी लगेच हसरा चेहरा पाठवला आणि विचारलं, शुक्रवारी हळदीकुंकवाला येणार ना, येताना तो तिकडचा मसाला थोडा घेऊन ये.